गजाआडची आई

सोलापुरात माझं सायकलींचं दुकान एका कापडगिरणीच्या फाटकासमोर होतं. सांगोल्याकडची शेरडं-मेंढरं विकून शहरात आलेल्या घरातली एक बाई त्या गिरणीत कामाला जायची. दुपारच्या सुट्टीत तिची सासू तान्हं बाळ घेऊन यायची. पहारेकरी फाटक उघडत नसे, म्हणून ती बाई आतून गजांना छाती लावून बाळाला पाजायची.

एकदा बाळ पीत असतानाच भोंगा झाला. पहारेकरी खेकसला, "चल आत."

ती हलली नाही. म्हणाली, "शेळीची धार काढायच्या आदी आमी करडू सोडतो. तुमचा मालक तर करडाच्या तोंडातनं शेळी वढतोय की."

त्याने तिला दंड धरून ओढलं. बाळाचं तोंड तसंच उघडं राहिलं, गजावरून दूध ओघळलं.

त्या गिरणीचं कापड मी पुन्हा अंगाला लावलं नाही.