कोरडं संत्रं

पांढुर्ण्याच्या मंडीत एक माणूस संत्री निवडायचा. डोळे मिटून फळ तळहातावर तोलायचा आणि आतून कोरडं असलं तर बाजूला टाकायचा. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. वजन सारखं धरलं तर आजवरचा सर्वांत मोठा बॉक्सर कोण, याची माझी यादी मी त्याला मोबाइलवर दाखवली. फोटो पाहून त्याने क्रमच बदलला.

"वजन सोडा भाऊ, रस पाहा."

मग बहिणीचा आजचा फोटो दाखवला. उद्या तिची बॉक्सिंगची लढत होती.

त्याचा हात थांबला. "हे पोरगी कोरडी होऊन राहिली."

मी लगेच बहिणीला फोन लावला. "पाणी पेलीस का?"

"वजनगटात बसाले दोन दिवसांपासून बंद हाय. दादा, तुले कोणी सांगितलं?"