इराचं काम बघायला गेले, तेव्हा

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, बहिणीच्या गावी, स्टेशनावर शनिवारी सकाळची गाडी पकडली तेव्हा फलाटाच्या कडेला उरलेला बर्फ काळा पडला होता. साडी, त्यावर स्वेटर, त्यावर भाचीचा गुडघ्यापर्यंतचा कोट आणि पायात मेव्हण्यांचे लोकरी मोजे, असा माझा अवतार. शिकागोतलं तळं आणि मान मोडेपर्यंत उंच इमारती मी आधीच बघून घेतल्या होत्या. आज भाची मला तिचं काम दाखवणार होती.

इरा माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची मुलगी. जन्म इथलाच. दोन वर्षं इंजिनिअरिंग करून तिनं ते सोडलं आणि जुन्या इमारतींमधलं लाकूडकाम, काचकाम दुरुस्त करायला शिकली. सुनंदा लोकांना सांगते, "इरा कन्स्ट्रक्शनमध्ये आहे." हे खोटं नाही, पण ऐकणारा समजतो की मुलगी पूल बांधते, आणि सुनंदा त्याला खुशाल तसं समजू देते. त्यात इरा गेलं वर्षभर काम करत होती ते एका जुन्या पबात. सुनंदानं तिथं अजून पाऊल ठेवलं नव्हतं.

"मावशी, घरातली तू फर्स्ट आहेस बघायला येणारी," इरा गाडीत म्हणाली. "डॅड म्हणतात, आई आली तर येतो. आणि आई टॉपिकच चेंज करते. तू बघ आणि तिला सांग ना, प्लीज. तुझं ती ऐकते."

"सांगते की. त्यात काय एवढं!"

मी मिरजेला एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. व्यसनमुक्तीच्या प्रभातफेरीत सगळ्यात पुढचा आवाज माझा असायचा. तेव्हा पबात जायचं मला जडच होतं, पण पोरीच्या तोंडाकडे बघून मी तसं दाखवलं नाही.

स्टेशनापासून पंधरा मिनिटं चालत गेलो. वारा असा की पदर कोटात कोंबूनही थाऱ्यावर राहीना. दोन काचेच्या इमारतींच्या मधे एक तांबड्या विटांची बुटकी इमारत अंग चोरून उभी होती. दाराच्या काचेवर द्राक्षांचे घोस कोरलेले. इरानं दार ढकललं आणि मी आत गेले.

दारूचा अड्डा म्हणजे अंधार, कुबट वास आणि तर्र झालेली माणसं, अशी माझी पक्की समजूत होती. इथं रंगीत काचांतून पिवळं ऊन फरशीवर पडलं होतं. फरशी म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांची नक्षी. छत पत्र्याचं, पण पत्र्यावर फुलं ठोकून काढलेली. मधोमध लाकडी काउंटर घोड्याच्या नालासारखा वळलेला, खाली पाय ठेवायला पितळी दांडी. काउंटरमागे छतापर्यंत गेलेले कोरीव खांब, कमानी, आरसे. आमच्याकडे देवघराला सुद्धा कुणी एवढं कोरीवकाम करत नाही.

"राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं आहे," इरा म्हणाली. "ज्यानं बांधलं तो इंग्लंडहून आला होता. त्याला त्याच्या गावातला पब मिस व्हायचा, मग त्यानं सेम टू सेम इथं केला."

या कमानींवर तपकिरी रंगाचे चार थर होते. ते तिनं हातानं, दात घासायच्या ब्रशनं काढले. एका खांबावरचं पान तुटलं होतं ते नवं कोरलं. कुठलं ते ओळख म्हणाली. मी चष्मा पुसून, वह्या तपासाव्यात तसं एकेक पान तपासलं आणि मला ओळखता आलं नाही. ती लहान मुलीसारखी हसली.

काउंटरमागच्या पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली आणि इराला इंग्रजीत विचारलं, "ह्याच का त्या मावशी?" म्हणजे माझी वर्दी आधीच पोचली होती! त्यांनी मला आल्याचं सरबत दिलं आणि वर, ही मुलगी नसती तर हे सगळं उकिरड्यावर गेलं असतं, असंही म्हणाले. मला भरून आलं. कडेच्या स्नगमध्ये (आडोशाच्या लाकडी खोलीत) आम्ही बसलो. बटाट्याचे जाड तळलेले काप आले, त्यावर व्हिनेगर. मी चाटमसाल्याची पुडी पर्समधून काढली आणि ते सुधारून घेतले.

स्नग आणि काउंटर यांच्या मधे डोक्याच्या उंचीवर दुधी काचांची ओळ होती. प्रत्येक काच उभ्या खिळीवर फिरणारी.

"पूर्वीच्या मोठ्या लोकांना प्यायचं असायचं, पण कुणी बघायला नको असायचं," इरा सांगत होती. "मग ते ह्याच्यामागे बसायचे. काच थोडी फिरवायची, ऑर्डर द्यायची, परत बंद. सगळ्या जाम झाल्या होत्या. बघ आता, कशी फिरते!"

तिनं बोटानं काच फिरवली. समोर, काउंटरच्या पलीकडच्या बाजूला, बीअरचा ग्लास धरून साने काका बसले होते. शेजारी काकू. महाराष्ट्र मंडळातले, सुनंदाच्या अगदी घरोब्यातले. गेल्याच रविवारी माझी ओळख झाली होती.

"अगंबाई! सुनंदाच्या ताई ना तुम्ही?" म्हणत काकू उठल्याच. मागून ग्लास सांभाळत काका. "आम्ही नाटकाला आलोय, म्हटलं आधी लंच करू. तुम्ही इथं कशा?"

किती सोपं उत्तर होतं! मी म्हणाले, "बाथरूमला जायचं होतं हो. हिला म्हटलं, दिसेल त्या दारात शीर."

टेबलावर अर्धी संपलेली बशी आणि चाटमसाला. तरी मी ते बोलले. इरानं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मिशांचे गृहस्थ हसत आमच्याकडे यायला लागले. ते आता हौसेनं सगळं सांगणार, हे मला कळलं, इरालाही कळलं. तिनं त्यांच्याकडे बघून हळूच नकाराची मान हलवली. ते थबकले आणि परत जाऊन ग्लास पुसू लागले.

"येस, तिला जायचं होतं," इरा काकूंना म्हणाली. "निघतोच आहोत आम्ही."

माझं खोटं तिनं असं सावरून घेतलं.

साने काका मात्र खुशीत होते. स्नगच्या लाकडावर थाप मारून म्हणाले, "आता आलाच आहात तर हे बघून जा. सगळं जुनं काम, नव्यासारखं केलंय. काय हात असतील हो एकेकाचे!"

"हो ना," मी म्हणाले.

इरानं हात कोटाच्या खिशात घातले. तिच्या नखांत व्हार्निश असतं.

बाहेर पडल्यावर वारा लागला ते बरंच वाटलं, कारण तोंड पेटलं होतं. काका चारचौघांत बीअर पीत होते आणि त्यांना कसली लाज नव्हती. लपले होते ती मी, सरबत पिऊन. परतीच्या गाडीत दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाले, "इरा, चुकलं गं माझं."

"इट्स ओके, मावशी. आईबरोबर असते तेव्हा पण असंच असतं. मला प्रॅक्टिस आहे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण तू बघितलंस मात्र नीट. एवढं नीट कुणी बघत नाही."

तिनं रागवायला हवं होतं. तिच्या त्या समजूतदारपणापुढे मला मान वर करता येईना.

घरी दार सुनंदानं उघडलं. "साने काकूंचा फोन येऊन गेला. पब म्हटल्यावर माझं धाबंच दणाणलं, म्हटलं इरानं काय काय सांगितलं असेल! पण ताई, काय छान निभावून नेलंस गं! मला एवढं पटकन सुचलंच नसतं."

इरा बूट काढत होती. ते तिनं जोडीनं भिंतीशी ठेवले, "मी दमलेय," म्हणाली आणि जिना चढून गेली.

मी सुनंदाला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. चार थर, दातांचा ब्रश, मला न सापडलेलं पान, फिरणाऱ्या काचा. ते गृहस्थ काय म्हणाले तेही. ती आधी पदराशी चाळा करत होती, मग तो थांबला.

"एवढं सगळं होतं," ती म्हणाली, "तर तिथंच का नाही बोललीस?"

आता मिरजेत लोक विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंत? मी सगळ्यात आधी पब सांगते, भाचीनं हातानं दुरुस्त केलेला. माजी विद्यार्थी हसतात, शेजारणी डोळे मोठे करतात, मी हटत नाही. पण इथं सांगायला धाडस लागत नाही. ते हवं होतं तिथं, साने काका-काकूंसमोर, इरा शेजारी असताना.