विलासच्या सर्किटमधली गळती

विलास गेल्याला सहा आठवडे झाले. फोन त्याच्या मुलीचा, सुजाताचा होता. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मी नुसतं "हो का" म्हणालो. तेराव्याला मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. आलेल्यांना ती वडिलांबद्दल कौतुकाने सांगत होती. मध्येच हसून म्हणाली, "डोकं मोठं, पण सोल्डरिंग कच्चं. त्यामुळेच तो मेंदूचा प्रयोग फसला, स्वतःच सांगायचे." मी समोर बसून चहा प्यायलो आणि घरी आलो. तेव्हापासून चैन नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं साकीनाक्याच्या एका गाळ्यात होतो. तिथे रेडिओ बनायचे. तो सोल्डरिंगला, म्हणजे बोर्डावर भाग डाख देऊन जोडायला, मी तपासणीला. उरलेसुरले भाग जमवून विलास जेवणाच्या सुट्टीत मेंदूतली एक पेशी बनवायचा. एकच. बटण दाबलं की कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठायची. भराभर पाच-सहा वेळा दाबलं तर दिवा लुकलुकायचा, सावकाश दाबलं तर नाही. कारण कपॅसिटरला जोडून एक रेझिस्टर लावून साठलेलं हळूहळू गळून जाण्याची सोय त्याने मुद्दाम ठेवली होती. माझं तर कामच गळके कपॅसिटर बाजूला काढायचं. "गळका माल आहे रे तुझा," मी चिडवायचो. "अरे येड्या, पेशीला विसरायला नको का? नाहीतर कोणीही टिचकी मारेल आणि ही पेटेल!" मला ती थाप वाटायची.

एका शनिवारी मालक ओळखीच्या एका प्राध्यापकांना घेऊन ते बघायला येणार होते. आवडलं तर विलासला स्वतःचं टेबल आणि नवीन वस्तू बनवायचं काम मिळणार होतं. तो हात धुवायला गेला. त्याची फजिती होऊ नये म्हणून मी मीटर लावून पाहिलं, गळती दिसली, आणि त्याला न विचारता कटरने त्या रेझिस्टरचा एक पाय तोडला...

प्राध्यापकांनी थांबून थांबून बटण दाबलं. साठलेलं आता गळतच नव्हतं, सहाव्या वेळी दिवा लागला. पुन्हा तसंच. "ही तर मोजणारी घंटी झाली," ते म्हणाले. विलास बोर्डावर वाकला. तो तुटका पाय त्याने बोटाने हलवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. कटर माझ्या हातातच होतं. मी तेव्हा कायम झालो नव्हतो, हे त्याला ठाऊक होतं. "सोल्डर कच्चं राहिलं, साहेब. चूक माझी." मालक म्हणाले, "सोल्डरिंग धड जमत नाही आणि निघाले मेंदू बनवायला!" सगळे हसले. मीही हसलो.

त्याने मला कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्यानंतर त्याने दुसरी पेशी बनवली नाही.

काल सुजाताला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, बाबा घरात साधी इस्त्रीसुद्धा उघडायचे नाहीत. म्हणायचे, माझ्या हाताचा भरवसा नाही."

आता एवढंच लिहून ठेवतो : अकरा वर्षं विलासचा प्रत्येक बोर्ड माझ्या हाताखालून गेला. कच्च्या सोल्डरसाठी त्यातला एकही मला परत पाठवावा लागला नाही.