जिवंत बायकोच्या जागी सुपारी

मासोळी मला सोसत नाही. लहानपणापासून एक घास पोटात गेला की अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात. नवेगाव बांधसारख्या तळ्याकाठच्या गावात जन्मून वरणभातावर आयुष्य काढावं लागलं, ही नशिबाने केलेली थट्टाच. गावाने तिचा भलताच अर्थ लावला. त्यात मी अंगाने सडपातळ, दाढी पांढरी, कपडे पांढरे. झालं, मी सात्त्विक ठरलो. खरं म्हणजे मी खुनशी माणूस आहे. कुणी टाकून बोललं तर वर्षानुवर्षं विसरत नाही.

माझी बायको काळी, थोराड, आवाजाने खणखणीत. मासोळ्या, खेकडे, सगळं आवडीने खाते. गावात कुणाची सून अडली, कुणाचं म्हातारं अंथरुणाला खिळलं, की पहिली हाक तिला. पण लोकांच्या डोळ्यांत येतं ते तिचं ताट.

यंदा सप्ताहाच्या समाप्तीला जोडप्याने पूजेला बसायचा मान आमच्याकडे आला. तिला तो आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता. तिने लग्नातला शालू उन्हात टाकला, देवळासमोरचं अंगण स्वतः सारवलं. सप्ताह म्हणून मासोळीला शिवलीसुद्धा नव्हती. आदल्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष घरी आला. ती समोरच उभी होती, तरी तो माझ्याकडेच बघून म्हणाला, "काका, तुमचं खानपान शुद्ध हाये. काकूचं तसं नाई. तुमी कमरेले सुपारी खोचून एकटेच बसा."

बायको वारली असेल किंवा हजर नसेल, तर तिच्या जागी सुपारी घेतात. इथे ती धडधाकट उभी होती. "बरं जी," एवढंच म्हणाली आणि शालूची घडी घालायला आत गेली. मी मागोमाग गेलो तर रडत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुकवलेल्या मासोळ्यांचं गाडगं शिंक्यावर होतं. त्यातली एक काढली, निखाऱ्यावर भाजली, ओसरीवर आणली आणि अध्यक्षासमोर बसून काट्यासकट चावून खाल्ली.

"आता दोघांचंही खानपान सारखं झालं," मी म्हणालो. "दुसरं जोडपं पाहा."

तो गेला. संध्याकाळपर्यंत माझं तोंड भोपळ्यासारखं झालं. तिने मला घोंगड्यात गुंडाळलं आणि चांगलं झापलं.

"काऊन खाल्ली जी? मराले का?"

"राग आला."

"माह्यासाठी?"

मी हो म्हणालो. मग ती नुसती पाठ चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी पूजेला दुसरं जोडपं बसलं. ते मला अजूनही खुपतं, खोटं कशाला सांगू? महाप्रसादाला मात्र आम्ही दोघं गेलो. ती शालू नेसून, मी सुजलेलं तोंड घेऊन, पंगतीत अगदी पुढे बसलो. अध्यक्ष स्वतः भात वाढत होता. माझ्यापुढे थांबून मोठ्याने म्हणाला, "पाहा काका, देवानं कसं तोंडावरच दाखवलं."

माझे ओठ तर हलतच नव्हते. तिने आपली पत्रावळ पुढे सरकवली.

"वाढ बापू," ती म्हणाली. "आठवडाभर तुमी सारे माह्याच धानाच्या बांधीतला तांदूळ खाऊन राहिले. तो कोनाच्या तोंडावर दिसला का?"

त्याने वाढला. मी दोनदा मागून घेतला.