आरतीसाठी काढलेली भिंत

परदेशातल्या, भूकंपाच्या पट्ट्यात येणाऱ्या सरे शहरात आमची मराठी शाळा दर रविवारी एका ओळखीच्या कुटुंबाच्या घरी भरायची. खालच्या मजल्यावर त्यांचा ऐसपैस हॉल होता. मी उंच काँक्रीटच्या इमारतींचे आराखडे करून निवृत्त झालेली इंजिनियर. बाराखडी घोकून घ्यायला मला मुळीच धीर नाही. २०१७च्या सुमारास एका रविवारी मी जाहीर केलं की आज आपण भूकंपात न पडणारं घर बांधायचं, आणि मराठीतच बांधायचं. मुलं आनंदाने इंग्रजीत ओरडली.

आईसक्रीमच्या काड्या आणि पिना घेऊन आम्ही दोन मजली घर केलं, ते ट्रेवर बसवलं आणि ट्रेखाली गोट्या ठेवल्या. ट्रे हलवला की खालचा मजला कलंडायचा आणि वरचा त्याच्यावर बसायचा. मग मी खालच्या चौकटीत पुठ्ठा चिकटवला. घर थरथरलं, पण उभं राहिलं. “भिंत म्हणजे नुसता आडोसा नाही,” मी म्हटलं. “जमीन हलते तेव्हा घर आडवं ढकललं जातं. त्या वेळी भिंतच त्याला धरून ठेवते.” पुठ्ठा काढून पुन्हा हलवलं. घर कोसळलं आणि टाळ्या पडल्या.

यजमानांच्या नऊ वर्षांच्या मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती हॉलच्या मधोमध छताकडे बघत होती.

“आजी, वी हॅड अ वॉल हिअर.”

मला माहीत होतं. ती भिंत माझ्याच सांगण्यावरून गेली होती.

पाच वर्षांपूर्वी तिथे दोन खोल्या होत्या. गणपतीला साठ माणसं यायची आणि अर्ध्यांना आरतीच्या वेळी मूर्तीच दिसायची नाही. आमच्या मंडळींत घराबिराचे प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारतात, तो दातांचा डॉक्टर असला तरी. मला उकडीचं प्रमाण विचारतात. त्या दिवशी मात्र यजमानाने सगळ्यांसमोर मला विचारलं, “काकू, तुम्ही इंजिनियर. ही भिंत काढली तर चालेल?” मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. वरच्या तुळया कशा जातात ते गॅरेजमधून बघून आले आणि मोदक खाता खाता निकाल दिला, “वरचं ओझं हिच्यावर नाही. काढ बिनधास्त.”

ओझ्याचं बरोबरच होतं. आडव्या धक्क्याचा विचार माझ्या मनातही आला नाही. त्या बाजूला बाकी सगळं गॅरेजचं मोठं दार, धरून ठेवणारी तेवढी एकच भिंत. लाकडी घरं मी कधी केली नव्हती, हे तरी सांगायचं! माझ्या शब्दावर त्याने नगरपालिकेलाही विचारलं नाही.

“सो, इज आवर हाउस लाइक दॅट?” पोरीने पडलेल्या काड्यांकडे बोट दाखवलं.

खोटं बोलणं सोपं होतं. “थोडंसं,” मी म्हटलं.

वर्ग संपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्या वडिलांना सगळं सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. तो हसला.

“काकू, पाच वर्षं झाली. एक क्रॅकसुद्धा नाही.”

“कारण भूकंप आला नाही. अरे, भिंत परत घालायला हवी. निदान एखाद्या इंजिनियरला बोलावून दाखव. माझं लायसन्स मी कधीच सोडलंय, माझ्या सहीला आता किंमत नाही.”

“तुमच्या शब्दावरच तर काढली,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. “बघू, यंदाचा गणपती होऊ दे.”

त्याची बायको चहा गाळता गाळता म्हणाली, “मुलांना घाबरवू नका हो, काकू. पुढच्या रविवारी गोष्टच सांगा.”

माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका तरुण इंजिनियरचा नंबर मी दिला. यजमानाला तीनदा आठवण करून दिली. “बघतो, काकू.” नगरपालिकेला कळवायचं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा मी फोन खाली ठेवला. त्या कुटुंबाला त्रास नको, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

मी गोष्टी सांगू लागले. पुढे एका रविवारी बाकीची मुलं गेल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली. आईवडिलांना ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं, “आजी, इन स्कूल दे सेड, गो अंडर अ स्ट्राँग टेबल. विच वन इज स्ट्राँग?”

त्या घरात मला अजून कुणीतरी इंजिनियर म्हणून विचारत होतं. मी हॉलमधलं जेवणाचं टेबल आधी वरून दाबून पाहिलं, मग चारी बाजूंनी आडवं ढकलून पाहिलं. टेबल चांगलं भक्कम होतं. “हे,” मी म्हटलं. “आत शीर, डोकं झाक आणि हा पाय घट्ट धर. हलायचं थांबेपर्यंत सोडायचा नाही.” माणसांवर ही पाळी येऊ नये, म्हणून मी तीस वर्षं नोकरी केली होती.

ती आत शिरली, पाय धरला आणि माझ्याकडे बघितलं. मग थोडी पलीकडे सरकली.

“कम, आजी. देअर इज रूम फॉर यू.”

माझे गुडघे वाकत नाहीत. तरी मी आत शिरले.