माझ्या जागी आई

माझं लग्न ठरलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बोलणी म्हैसुरातल्या आमच्या सरस्वतीपुरमच्या घरातच झाली. वडील मी लहान असताना गेलेले, त्यामुळे माझ्या बाजूने बोलायला आई एकटी. तिने अट एकच घातली. शेवटचं वर्ष मुलगी माझ्याकडे राहून पुरं करेल, मग सासरी येईल. सरगूरहून आलेले माझे सासरे लगेच म्हणाले, "शिकू दे की. सुम्ने घरात बसून काय करणार?" सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या म्हैसूरकडच्या मराठीत असले कन्नड शब्द कधी येऊन बसले ते कुणाला आठवत नाही.

लग्न झालं, मी कॉलेजला परत गेले, आणि पावसाळा सरता सरता सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. म्हैसूरच्या मोठ्या हॉस्पिटलात काही दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. सासरे मला म्हणाले, "आठ दिवस ये. घडी बसली की तुला सोडतो."

ते आठ दिवस दिवाळीपर्यंत संपले नाहीत, आणि नंतरही नाहीत.

सासरचं घर मूळचं रंगाऱ्यांचं. आजेसासऱ्यांच्या काळात तिथे लुगडी रंगायची. मागच्या अंगणात रंगाच्या दगडी कुंड्या होत्या, त्यात आता कढीपत्ता आणि अळू. पुढच्या बाजूला कापडाचं दुकान. घरातून रस्त्यावर जायची वाट त्या दुकानातूनच होती, आणि तिथे सासरे दिवसभर गादीवर बसलेले असत. गाव त्यांना अण्णा म्हणायचा. मी उंबऱ्यावर आले की ते कापड मोजता मोजता मान न वळवता विचारत, "कुठे?"

"देवळात जाऊन येते."

"अत्ते एकटी आहे ना आत."

एवढंच. ते कधी ओरडले नाहीत, दाराला कधी कडी लावली नाही. पण मी माघारी फिरायची. अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई. कन्नडात सासूला तेच म्हणतात. त्यांचं जेवण, अंघोळ, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. त्यांच्यासाठी दोन बायका कामाला ठेवून पाहिल्या होत्या. परकी बाई जवळ आली की अत्ते दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेत. मग अण्णा त्या बाईला त्याच दिवशी परत पाठवत. माझे मिस्टर बँकेत, शिवमोग्ग्याला. सुट्टीला येत तेव्हा मी विषय काढला की म्हणत, "अण्णांना दुखवून कसं चालेल? पुढच्या वर्षी बघू."

अण्णा वाईट नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. रोज रात्री ते बायकोच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपत. पण आपल्या घाबरण्याला त्यांनी माझं कर्तव्य असं नाव दिलं होतं, आणि मी त्यात हळूहळू मिटत चालले होते. रसायनशास्त्राचं पुस्तक मी सोबत आणलं होतं. काही आठवड्यांनी ते उघडलं तर ओळखीची समीकरणं अनोळखी वाटली. त्या दुपारी मी विहिरीच्या कठड्याशी बसून खूप रडले.

आई दोनदा भेटायला आली. दुसऱ्या वेळी तिने मला दोन दिवस माहेरी न्यायचं विचारलं. अण्णा म्हणाले, "आणि मागे कोण बघणार?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी ठीक आहे म्हणाले. तिने पहिलीच्या वर्गावर सगळी नोकरी केलेली. कुठलं पोर खोटं बोलतंय हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. ती संध्याकाळच्या बसने गेली.

आई त्याच वर्षी निवृत्त झाली होती. आयुष्यभर शाळेच्या घंटेवर उठली, बसली, जेवली. आता ती सकाळी उशिरापर्यंत लोळायची, मनात आलं की एकटीच हॉटेलात जाऊन दोसा खायची, संध्याकाळी कुठे गाणं असलं तर शेवटपर्यंत ऐकून सावकाश चालत घरी यायची. शेजारणींना सांगायची, "आता मला कुणी विचारणारं नाही हो, कुठे निघालात म्हणून." हे सांगताना ती लहान मुलीसारखी खूश दिसायची.

आणि एका सोमवारी सकाळी हीच आई पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन सरगूरच्या दुकानात उभी राहिली. मी आतल्या दाराशी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

अण्णा गडबडून उठले. "अरे, टीचर! कळवलं नाही? या, बसा. कॉफी सांगतो."

"सांगा," आई म्हणाली. "आजवर लेकीच्या घरचं पाणी घेतलं नाही. आजपासून घेणार. मी पाहुणी म्हणून नाही आले."

"म्हणजे?"

"विहीणबाईंना मी बघते. लेकीचं सगळं काम मी करीन. तिला सोडा, परीक्षेला बसू दे."

अण्णांनी हातातलं कापड खाली ठेवलं. "छे छे, टीचर. तुम्ही आमच्या विहीणबाई. तुम्हाला कामाला लावलं तर गाव काय म्हणेल?"

"गाव म्हणेल, अण्णांनी सुनेला दिलेला शब्द पाळला."

ते लाल झाले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही चार दिवस राहाल, कंटाळून जाल. तोवर तीही गेलेली असेल. मग मी काय करू?" त्यांचं खरं भय पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून बाहेर आलं होतं.

आई गादीच्या काठावर बसली. "मी जाणार नाही. विहीणबाई आपल्या आपण उठून बसेपर्यंत या घरातून पाऊल काढणार नाही. सण नाही, लग्नकार्य नाही, काही नाही. तुम्ही म्हणाल तर उंबरासुद्धा ओलांडणार नाही."

"आणि परीक्षा झाल्यावर ती परत येईल?"

"ते तिचं ती ठरवेल. त्याचा सौदा मी करणार नाही. मी माझ्यापुरतं बोलते आहे."

अण्णांनी आत पाहिलं, मला पाहिलं, खाटेकडे पाहिलं. मग मान हलवली. कॉफी आली, आणि आईने ती प्यायली.

मी तिला आतल्या खोलीत ओढून नेलं. "आई, हे नको. तू आत्ता कुठे मोकळी झालीस."

"म्हणूनच तर येऊ शकले," ती म्हणाली. "नोकरी असती तर कशी आले असते? चल, पुस्तकं भर. दुपारची बस आहे."

मी एकटी बसमध्ये बसले तेव्हा कपिला नदीचं पाणी उन्हात लखलखत होतं, आणि मला आनंद झाला तेवढीच लाजही वाटली. बस सुटली तसा आनंद वाढत गेला. खोटं कशाला सांगू.

कॉलेजने मला परत घेतलं. मी आईच्या घरात राहून दिवसभर अभ्यास करायची आणि दर रविवारी सरगूरला जायची. पहिल्याच रविवारी अत्ते आईच्या हातून पेज खात होत्या. मी चकित झाले. आई म्हणाली, "दोन दिवस तोंड मिटलं होतं. मी म्हटलं, असू दे, मलाही भूक नाही. बसले तशीच समोर. तिसऱ्या दिवशी त्यांनाच माझी दया आली."

मग आईने शाळा सुरू केली. पहिलीच्या पोरांना शिकवायची तशीच. डॉक्टरांनी सांगितलेले हातापायांचे व्यायाम ती टाळ्यांच्या ठेक्यावर करून घ्यायची. ताटात रव्याचा थर देऊन अत्तेंचं बोट धरून त्यात रेघा ओढायची. बोलणं मात्र येईना. अत्ते तोंड उघडत, घशातून नुसता आवाज येई, आणि डोळ्यांतून पाणी. एक दिवस हात वर-खाली करताना आई मोजत होती, "ओंदु, एरडु, मूरु..." आणि तिला ठसका लागला. ती थांबली, तर खाटेवरून आवाज आला, "नाल्कु." चार. अत्ते स्वतःच दचकल्या. आई सांगायची, त्यानंतर आम्ही दोघी हसलो की रडलो ते आठवत नाही, पण दुकानातून अण्णा धावत आले आणि गिऱ्हाईक तसंच उभं राहिलं.

सगळे रविवार असे नव्हते. माघात एकदा मी गेले तर आई मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून उभी होती. वाळली होती. मी विचारलं, बरं नाही का?

"काही नाही ग. नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन यावंसं वाटतं. काल म्हटलं, देवळाकडून येते. तर तुझे सासरे म्हणाले, टीचर, शब्द दिलाय. बरोबरच आहे. दिलाय."

"मी परत येते," मी म्हणाले. "परीक्षा पुढच्या वर्षी देईन."

आई एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "मग मी इथे कशाला बसले आहे? मला काय हौस आहे परक्याच्या घरी भांडी घासायची? तू परत आलीस तर माझं सगळं वाया. जा, अभ्यास कर."

मी गेले. त्या महिन्यात जेवढा अभ्यास केला तेवढा आयुष्यात कधी केला नाही.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन मी सरगूरला गेले त्या दिवशी मिस्टरही आले होते. अत्ते खाटेवर बसल्या होत्या, पाठीला लोड, शब्द तुटक पण कळण्यासारखे. जेवणं झाल्यावर आई अण्णांना म्हणाली, "आता मला निरोप द्या. विहीणबाई बसायला लागल्या."

अण्णा पान लावत होते. "बसते कुठे, टीचर? टेकून बसते. तुम्ही म्हणालात आपल्या आपण. चालायला लागू दे, मग बघू. तुमच्यामुळेच तर सुधारते आहे. तुम्ही गेलात की परत..."

शब्दात पकडलं गेल्यावर आई भांडणार नव्हती, हे मला माहीत होतं. मी मिस्टरांकडे पाहिलं. ते एकदा खाकरले, अत्तेंकडे पाहून म्हणाले, "अण्णा, आपण एक बाई ठेवू या. आई आता जेवेल तिच्या हातचं." घरात वडिलांपुढे ते पहिल्यांदाच असं बोलले होते. अण्णांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

तेवढ्यात खाटेची करकर ऐकू आली. अत्तेंनी डाव्या हाताने खाटेचा काठ धरला होता. त्यांनी पाठ लोडापासून सोडवली, एकदा डावीकडे कलल्या, मी उठले तर आईने मला हाताने थांबवलं. अत्ते पुन्हा सरळ झाल्या. मग त्यांनी काठावरचा हात काढून मांडीवर ठेवला. लोड मागे, त्या पुढे, मध्ये मोकळी जागा. अंगाला घाम फुटला होता.

"बसले," त्या अण्णांना म्हणाल्या. आणि श्वास घेऊन, "साकु. जाऊ दे त्यांना."

साकु म्हणजे पुरे. अण्णांच्या हातातलं पान तसंच राहिलं. ते उठून खाटेजवळ गेले, आणि मला वाटलं बायकोला आडवं करतील. ते खाली जमिनीवर बसले, तिच्या पायाशी, आणि पंच्याने डोळे पुसायला लागले. "भीती वाटते ग," एवढंच म्हणाले. अत्तेंनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची ट्रंक अण्णांनी स्वतः उचलली. बसस्टँडपर्यंत बाजारातून मिरवत नेली म्हणा ना. कुणी विचारलं तर सांगत, "आमच्या विहीणबाई. माझ्या बायकोला यांनी बोलायला शिकवलं." बस सुटायच्या आधी ते खिडकीशी आले. "टीचर, मी तुम्हाला..." पुढचं त्यांना जमलं नाही. आई म्हणाली, "असू द्या अण्णा. जेवायला उशीर करू नका, त्या वाट बघतात."

मी परत यायचं की नाही हे आईने कबूल केल्याप्रमाणे माझ्यावरच सोडलं होतं. मी महिनाभर विचार केला. मग मिस्टरांना सांगितलं, संसार करीन तो म्हैसुरात, आणि नोकरी करून. त्यांनी बदलीचा अर्ज केला. बदली व्हायला वेळ लागला, पण झाली. मला म्हैसूरजवळ कडकोळच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत जागा मिळाली. अण्णांना ही बातमी सांगायला मी भीत भीत गेले, तर ते म्हणाले, "रंगाचा कारखाना? म्हणजे आपलाच धंदा की!" आणि मला घेऊन मागच्या अंगणात गेले, कुठल्या कुंडीत नीळ असायची, कुठल्या कुंडीत तांबडी मंजिष्ठ, ते दाखवायला. सरगूरच्या घरी एक बाई ठेवली होती. अत्ते तिच्या हातचं जेवत आणि तिच्यावर डाव्या हाताने हुकूमही सोडत.

त्यानंतरच्या दसऱ्यात एका दुपारी मी कामावरून आईकडे गेले. दारात काठी टेकवलेली, आत दोघींचा आवाज. अत्ते बाईला घेऊन बसने आल्या होत्या. उजवा पाय ओढत, पण आपल्या पायांनी.

"अण्णांना सांगून आलात ना?" मी विचारलं.

अत्तेंनी आईकडे पाहिलं. आई स्वयंपाकघरात पळाली, तिला हसू आवरेना.

"सांगितलं," अत्ते सावकाश एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. "निघताना. त्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, विहिणीकडे. आठ दिवस."

त्या पंधरा दिवस राहिल्या. मग अण्णा स्वतःच न्यायला आले, आणि तेही दोन दिवस राहिले.