थोंगयोयची गाठ

यासोथोनकडच्या त्या गावात कोणी नवी वस्तू घेतली, की ती थोंगयोयच्या दारावरून न्यायला घाबरतं. सायकल दिसली तर हा चाक उचलून फिरवणार, नट आवळणार आणि मालकाकडे असं बघणार, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपण ती चोरूनच आणली. जेवायला बोलावलं तरी स्टुलाचे पाय हलवून बघितल्याशिवाय बूड टेकत नाही. त्याच्या लग्नात तर कहर झाला. वडीलधारी माणसं मनगटाला आशीर्वादाचा दोरा बांधत होती. सासूबाईंनी बांधला, आणि या शहाण्याने त्याला हलकेच हिसका दिला. तुटला!

"आई, ही गाठ टिकली नसती. परत बांधा," नवरदेव म्हणाले.

सासूबाईंनी परत बांधली, ती अशी की त्याच्या बोटांना मुंग्या आल्या.

एरवी तो हातट्रॅक्टर दुरुस्त करतो, पण त्याचा जीव बाणात. पेरणीच्या आधी आभाळातल्या मालकाला पावसाची आठवण करून द्यायला गावोगावचे फटाक्याच्या दारूचे बाण सुटतात. या गावाचा बाण करायचा मान थोंगयोयच्या घराण्याचा. बाण फसला तर करणाऱ्याला उचलून चिखलात घालायचं, हाही मानच म्हणायचा. गेल्या वर्षी शेपटीचा बांबू बांधला होता त्याच्या मेहुण्याने, खामसिंगने. "दाजी, घट्ट आहे. माझ्यावर सोडा की!" म्हणाला. थोंगयोयने जन्मात पहिल्यांदा कोणावर काही सोडलं. बाण वर जायचा तो आडवा सुटला आणि सरपंचाच्या बदकांच्या मागे लागला. बदकं वाचली, पण कितीतरी दिवस अंडी देईनात. थोंगयोय चिखलात, आणि त्याला टाकणाऱ्यांत सगळ्यात पुढे खामसिंग!

सरपंचाने मग भर सभेत सांगितलं, "यंदाही चिखल झाला, तर पुढच्या वर्षापासून बाण खामसिंग करेल. तू मिरवणुकीत बायकांच्या रांगेत नाचायचं."

खामसिंगने त्याच आठवड्यात अंगणात बांबू आणून टाकले. थोंगयोयला जाता येता ते दिसायचे.

यंदा त्याने कोळसा स्वतः कुटला, दारू स्वतः ठासली, शेपटी बोटावर तोलून बघितली. बायको, बुआफान, म्हणाली, "अहो, माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलंत का?"

"तुला कुठे उडवायचंय?" हा म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला चिकट भात कोरडाच मिळाला.

उत्सवाचा दिवस उजाडला. तांदळाच्या दारूने माणसं आधीच हवेत, बाण तेवढे जमिनीवर. ढोल, नाच, कच्च्या पपईची तिखटजाळ कोशिंबीर. उंच बांबूच्या मचाणावर गावाचा बाण चढला. थोंगयोयने वर जाऊन गाठी बघितल्या, उतरला. परत चढला, उतरला. तिसऱ्यांदा चढायला लागला तेव्हा मैदान खदखदायला लागलं.

"काका, बाण उडवायचाय, नांदायला नाही पाठवायचा!" भोंगेवाला ओरडला.

"दाजी, या खाली, चिखल गार होतोय!" हा खामसिंग.

पण थोंगयोयच्या बोटांना शेपटीजवळची दोरी जराशी ढिली लागली. त्याने दोरी ओली केली, दात ओठ खाऊन आवळली, गाठीवर गाठ मारली, लोंबकळून बघितलं. हूं की चूं नाही! गडी खूश होऊन उतरायला लागला, तर कमरेला हिसका. कोणी तरी मागे धरलेलं. वळून बघतो तर कमरेच्या चौकड्यांच्या पंच्याचं टोक त्याच गाठीत! स्वतःच्याच पंच्यासकट बाण बांधला होता पठ्ठ्याने.

गाठ सुटेना. सुटणार कशी, थोंगयोयची गाठ ती!

"कोयता देऊ का, दाजी?"

कोयता लावला तर दोरी कापणार, दोरी कापली तर शेपटी हलणार. तेवढ्यात पंचांनी शेवटची हाक दिली. आता न सुटलेला बाण फसलेलाच धरणार. थोंगयोयने डोळे मिटले, कमरेचा पंचा सोडला आणि खाली उतरला. अंगावर राहिली बुआफानने पडद्याच्या उरलेल्या कापडाची शिवलेली चड्डी, गुलाबी फुलांची. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. त्याला मात्र ऐकूच येत नव्हतं. बोटावर तोललेल्या शेपटीला आता हातभर कापड लोंबत होतं. बाण कलला, की संपलं.

"पेटव," तो कसाबसा म्हणाला.

धूर झाला, जमीन हादरली, आणि बाण निघाला. सरळ! पंचा फडफडत मागोमाग, जणू कोणी आभाळात अंघोळीला चाललंय. वर, आणखी वर, ढगात. मैदान बेभान झालं.

"बाद करा! हा बाण नाही, वाळत घातलेलं धुणं आहे!" खामसिंग पंचांच्या टेबलावर हात आपटत ओरडला.

पंचांनी पंच्याचा निवाडा केला. त्यांतले म्हातारबुवा हसू आवरत म्हणाले, "चड्डी घालून जाऊ दे नाहीतर पंचा नेसून, वर गेला ना? उडाला!"

थोंगयोय चिखलाच्या खड्ड्याच्या काठावरच बसला. मान राहिला. पुढच्या वर्षीही बाण त्याचाच! तो हसत होता की रडत होता, त्यालाही कळत नव्हतं. बुआफान कंबरेवर हात ठेवून समोर उभी.

"जिंकलात?"

"जिंकलो."

"म्हणजे चिखल नाही?"

"नाही."

"वा! मी विणलेला पंचा ढगात, मी शिवलेली चड्डी गावभर, आणि तुम्ही कोरडे?" तिने दोन्ही हातांनी त्याला ढकललं. पडता पडता त्याने तिचं मनगट धरलं. दोघं एकदमच चिखलात गेले, धप्पकन. वर आले तेव्हा ओळखू येत होते फक्त दात.